त्रेचाळीस खणांचे कपाट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी लोक नव्या वह्या पाटावर मांडून त्यांची पूजा करतात. आमच्या घराण्यात कोणी व्यापार केल्याचे ऐकिवात नाही. तरीही गेली पन्नास वर्षे मी त्या पाटाच्या कोपऱ्यावर एक जाडजूड फाईल ठेवतो आणि तिच्यावर हळदकुंकू वाहतो. त्या फाइलीत घरची सारी बिले असतात. विजेची, गॅसची, सोसायटीची, आणि पूर्वी टेलिफोनचीही. सौ. म्हणते, “लोक लक्ष्मी घरात यावी म्हणून पूजा करतात, तुम्ही ती घराबाहेर गेल्याच्या पावत्यांची करता!” तिचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या माणसाने आयुष्याची छत्तीस वर्षे दुसऱ्यांची बिले चुकती करण्यात घालवली, त्याने दुसरी कशाची पूजा करावी?

१९६८ साली मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कंपनीत ‘बिल सेक्शन’मध्ये चिकटलो. बिल चुकते करणे हे काम बाहेरून फार सोपे वाटते. बिल आले, पैसे दिले, संपले! पण कचेरीत एका बिलाला तीन कागदांची साक्ष लागते. माल मागवला होता का, हे खरेदीची ऑर्डर सांगते. माल खरोखर आला का, हे गोदामाची माल-पावती सांगते. आणि पार्टी किती मागते आहे, हे बिल सांगते. तिघांचे जुळले तर बिल पास, नाही तर लाल पेन्सिलीने शेरा मारून परत. हे झाल्यावर खरी मेख पुढेच असते. पैसे द्यायचे केव्हा? काही पार्ट्या तीस दिवसांची मुदत देत, काही साठ. काही म्हणत, दहा दिवसांत द्याल तर दोन टक्के वटाव. म्हणजे बिल अकराव्या दिवशी दिले की दोन टक्के बुडाले, आणि चौथ्याच दिवशी दिले की सहा दिवसांचे व्याज बुडाले. बिल नेमके दहाव्या दिवशी हातात यायला हवे. आमच्याकडे सगळी बिले एका तारेला टोचून ठेवलेली असत. दहाव्या दिवसाचे बिल वर येईपर्यंत महिना उलटे, आणि तोवर पार्टीचा माणूस आमच्या बाकावर येऊन तगाद्याला बसलेला असे.

माझे मेहुणे रेल्वे टपालात होते. त्यांच्याबरोबर एकदा मी रात्रीच्या डब्यात पत्रे लावण्याच्या फळ्या पाहिल्या. एकेका गावाला एकेक खण. पत्र हातात आले की न थांबता त्या खणात. घरी परतताना माझ्या मनात आले, गावांच्या जागी तारखा घातल्या तर? वर एकतीस खण, महिन्याच्या एकतीस तारखांचे. खाली बारा खण, पुढच्या बारा महिन्यांचे. बिल पास झाले की त्याच्या देण्याच्या तारखेच्या खणात टाकायचे. पुढच्या महिन्याचे असेल तर खालच्या खणात. दर एक तारखेला त्या महिन्याचा खण रिकामा करून बिले वर वाटायची. रोज सकाळी शिपायाने फक्त आजचा खण उपसायचा आणि टायपिस्टपुढे ठेवायचा, चेक तयार! आमच्या हेडक्लार्कसाहेबांना मी हे कागदावर काढून दाखवले. त्यांनी कागद खिशात घातला.

१९७२ सालच्या जानेवारीत कपाट आले, आणि त्याबरोबर एक सायक्लोस्टाईल केलेले परिपत्रक. त्यात ही नवी योजना हेडक्लार्कसाहेबांनी दीर्घ विचारांती आखली असून सर्वांनी ती पाळावी, असे लिहिले होते. कपाट बेचाळीस खणांचे आहे, असेही त्यात होते. आता वाचकहो, एकतीस आणि बारा मिळून त्रेचाळीस होतात, हे तिसरीतले पोरही सांगेल. साहेबांनी महिना तीस दिवसांचा धरला होता! पहिल्याच एकतीस तारखेची बिले कोठे टाकावी हे शिपायाला कळेना, आणि सुताराला परत बोलवून एक खण वाढवून घ्यावा लागला. परिपत्रक मात्र कोणी दुरुस्त केले नाही. साहेबांना त्या वर्षी खास पगारवाढ मिळाली. मला त्यांनी एकदा इराण्याकडे चहा पाजला. त्या परिपत्रकाची एक प्रत मी घरी आणून ट्रंकेत टाकली. का टाकली, ते तेव्हा मला सांगता आले नसते.

ती ट्रंक माळ्यावरून खाली काढण्याचा प्रसंग एकेचाळीस वर्षांनी आला.

माझी एक भाची पुण्याला असते. कर्वे रस्त्यावर वह्यापेनांच्या दुकानावरच्या मजल्यात तिने २००६ साली स्वतःची छोटी कंपनी काढली. अकरा माणसे, आणि माल म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम करतो काय? तर मामाचे काम! आलेले बिल वाचतो, ऑर्डरशी आणि माल-पावतीशी ताडून पाहतो, देण्याची तारीख काढतो आणि त्या दिवशी बँकेला पैसे पाठवायला सांगतो. तिची गिऱ्हाइके होती न्यू जर्सीतले दंतवैद्य. त्यांच्याकडे हातमोजे, सुया, कवळ्यांचे सामान, अशी शेकड्याने बिले येत.

२०१३ सालच्या जूनमध्ये रात्री तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. “मामा, तुमच्या त्या कपाटाचा काही कागद आहे का हो तुमच्याजवळ?”

झाले होते असे. तिच्या गिऱ्हाइकांपैकी दोघा डॉक्टरांना टेक्सासमधल्या कुठल्याशा कंपनीचे पत्र आले होते. बिल यंत्राने तपासून ठरल्या तारखेला आपोआप चुकते करण्याच्या पद्धतीचे पेटंट आमच्याकडे आहे. तुम्ही वापरता तो प्रोग्रॅम त्या पेटंटाचा भंग करतो. तरी परवान्यापोटी अमुक इतके डॉलर भरा, नाही तर कोर्टात भेटू. साठ दिवसांत भराल तर रक्कम कमी. म्हणजे धमकीच्या पत्रातसुद्धा वटाव होता! डॉक्टरांनी ते पत्र भाचीकडे पाठवले आणि खाली लिहिले की हे तुम्हीच निस्तरा, नाही तर आम्हांला दुसरा प्रोग्रॅम पाहावा लागेल. अमेरिकेचे पेटंट पुण्यात चालत नाही, पण गिऱ्हाईक अमेरिकेत असेल तर ते पुण्याच्या पोटावर बरोबर बसते.

पेटंटाला आपल्या सरकारी मराठीत ‘एकस्व’ म्हणतात. शब्द मला आवडतो. एकट्याचे स्वत्व! तुम्ही काही नवे शोधून काढा, ते कसे केले ते जगाला उघड सांगा, आणि त्या बदल्यात अर्ज केल्यापासून वीस वर्षे ते दुसऱ्या कोणाला करू न देण्याचा हक्क घ्या, असा तो सौदा आहे. व्हेनिसच्या राज्याने १४७४ साली असा कायदा केला. गंमत अशी की दुहेरी नोंदीच्या हिशेबाचे वर्णन करणारा लुका पाचोलीचा ग्रंथही त्याच व्हेनिसमध्ये वीस वर्षांनी, १४९४ साली छापला गेला. पाचोलीने त्या पद्धतीवर हक्क सांगितला नाही. व्हेनिसचे व्यापारी हे करतातच, असे त्याने सरळ लिहून टाकले. आपल्याकडे पेटंटाचा पहिला कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या इंजिनियरने केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. पंखेवाल्याची नोकरी जाण्याची ती पहिली चाहूल म्हणायची!

पण पंखा ओढण्याचे यंत्र डोळ्यांना दिसते. बिल चुकते करण्याची रीत ही काय वस्तू आहे? पूर्वी अशा धंद्याच्या रीतींना पेटंट मिळत नाही असेच सारे धरून चालत. १९९८ साली अमेरिकेतल्या वरच्या कोर्टाने म्युच्युअल फंडांच्या हिशेबाच्या एका पद्धतीबाबत निकाल दिला, की केवळ धंद्याची रीत आहे म्हणून ती नाकारता येणार नाही. उपयोगी फळ मिळत असेल तर पेटंट देता येईल. धरणाचा दरवाजा उघडावा तसे झाले. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनला एका बोटाच्या टिचकीने खरेदी करण्याचे पेटंट मिळाले, आणि महिनाभरात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांवर दावा ठोकला. डिसेंबरात मनाई हुकूमही मिळाला. ऐन नाताळात त्या बिचाऱ्यांना आपल्या गिऱ्हाइकांकडून मुद्दाम एक टिचकी जास्त मारून घ्यावी लागली! हा हुकूम २००१ मध्ये वरच्या कोर्टाने उठवला आणि पुढच्या वर्षी दोघांनी आपसात मिटवले.

मी ट्रंक उघडली. परिपत्रक सापडले, कडा पिवळ्या, पण अक्षर शाबूत. मुलाने त्याचे छायाचित्र काढून पुण्याला पाठवले, आणि तेथून ते भाचीच्या अमेरिकन वकिलाकडे गेले. खरे सांगतो, त्या आठवड्यात मला नीट झोप आली नाही. भाचीची काळजी होतीच, पण त्याखाली एक निराळीच हुरहूर होती. बॅलार्ड इस्टेटमधले माझे कपाट अमेरिकेच्या कोर्टात साक्षीला उभे राहणार!

वकिलाचे उत्तर सभ्य होते. कपाट फार चांगले आहे, पण उपयोगाचे नाही. एक तर ते लाकडाचे आहे आणि पेटंट संगणकाचे. दुसरे म्हणजे ते मुंबईत होते. त्या पेटंटाला लागू असलेल्या जुन्या अमेरिकन कायद्याप्रमाणे, एखादी गोष्ट आधी कोणी वापरत होते असे दाखवायचे तर तो वापर अमेरिकेतच झालेला हवा. परदेशातला नुसता वापर जमेस धरत नसत. परदेशातले काही दाखवायचेच असेल तर ते तेथले पेटंट तरी हवे किंवा लोकांना मिळू शकेल असे छापील काही तरी हवे. कचेरीतले परिपत्रक म्हणजे छापील प्रसिद्धी नव्हे.

“म्हणजे पोरी,” मी म्हटले, “मी ते केलेच नाही!”

“केलंत हो मामा. पण तिकडच्या मार्चच्या आधीच्या अर्जांना तो नियम नाही ना लागू!” ती म्हणाली. नवा नियम परदेशातला वापरही मानतो, पण तो १६ मार्च २०१३ पासून केलेल्या अर्जांसाठी. आमचे भांडण त्याच्या कितीतरी आधीच्या पेटंटावर.

मला तेव्हा हळदीची आठवण झाली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिले होते आणि डॉ. माशेलकरांच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने ते लढून १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्या वेळी मी पेढे वाटले होते. पण तेव्हासुद्धा आजीच्या हळदीच्या डब्याला कोणी विचारले नाही. जुने ग्रंथ आणि छापलेले शास्त्रीय लेख काढून दाखवावे लागले. आजीने लावली ती हळद नव्हे, छापली ती हळद!

वकिलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र माझ्या जिव्हारी लागली. तारखांचे खण ही कल्पना अमेरिकेतल्या कचेऱ्यांत माझ्या जन्माच्या आधीपासून होती. एकतीस दिवसांच्या आणि बारा महिन्यांच्या फायली, मिळून त्रेचाळीस. तिला तेथे नावही आहे, गुदगुल्या करणारी फाईल अशा काहीशा अर्थाचे. एकेचाळीस वर्षे मी हेडक्लार्कसाहेबांना मनातल्या मनात चोर म्हणत होतो, आणि आता कळले की जे त्यांनी चोरले ते माझे नव्हतेच! सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, “अहो, पण तुम्हांला ते कोणी सांगितलं नव्हतं ना? मग तुम्हीच शोधलंत.” कायदा असे म्हणत नाही. पण बायकोचा निकाल कधी कधी वरच्या कोर्टासारखा दिलासा देतो.

मग ही अमेरिकन पुस्तके कोर्टात का दाखवू नयेत? येथे खरी गाठ होती. कागदावर होत आलेली जुनी रीत संगणकाकडून करवून घेतली तर तो नवा शोध म्हणायचा की नाही? आणि या प्रश्नाला त्या क्षणी उत्तरच नव्हते. त्याच साली मे महिन्यात वरच्या कोर्टाचे दहा न्यायाधीश एकत्र बसले होते. अ‍ॅलिस नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीचे पेटंट होते. दोन पक्षांच्या देण्याघेण्यात तिसऱ्याने मध्यस्थ राहायचे, दोघांच्या खात्यांची सावलीसारखी नोंद ठेवायची, आणि ज्याच्या खात्यात पुरेसे पैसे आहेत त्याचाच व्यवहार पुढे जाऊ द्यायचा. आपल्याकडे पेढीवरचा मुनीम हेच करत होता. पण दहा न्यायाधीशांत एकमत होईना. निकालपत्रांची चळत लागली आणि कारणांवर बहुमत असे नाहीच. खुद्द न्यायमूर्तींना कळेना, तेथे कर्वे रस्त्यावरच्या अकरा माणसांनी काय ठरवावे?

वकिलाने हिशेब दिला. शेवटपर्यंत लढायचे तर वीस लाख डॉलर. मिटवायचे तर चाळीस हजार. भाचीच्या कंपनीची वर्षाची सारी उलाढाल वीस लाखांच्या जवळपासही नव्हती. मला मोठा त्वेष चढला होता. मी म्हणालो, “लढ! हे सरळ लुबाडणे आहे.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मामा, तुम्ही त्या हेडक्लार्कशी लढला होतात का?”

या पत्रबाजांचे त्या काळी तेथे पेवच फुटले होते. कागद स्कॅन करून ईमेलने पाठवण्याच्या पेटंटावरून एका कंपनीने छोट्या छोट्या धंदेवाल्यांना हजारो पत्रे धाडली. कचेरीत जितकी माणसे तितके सुमारे हजार हजार डॉलर! शेवटी २०१३ च्या मे महिन्यात व्हर्माँट राज्याने तिच्यावर उलट दावा लावला. टेक्सासात मार्शल म्हणून एक गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आत. पण पेटंटवाल्यांना ते काशीसारखे, कारण तेथले कोर्ट त्यांना धार्जिणे मानले जाई. तेथे दावे इतके चालत की सॅमसंग कंपनीने कोर्टासमोर बर्फावर घसरण्याचे मैदान गावाला पुरस्कृत केले होते. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा कोठे लावावा याला चाप लावला आणि ती यात्रा मोडली.

पण त्याच मार्शलमधला एक दावा मला नुसता हसण्यावारी नेता येत नाही. क्लॉडिओ बॅलार्ड नावाच्या गृहस्थांनी चेक प्रत्यक्ष न पाठवता त्याचे चित्र पाठवून हिशेब पुरा करण्याच्या पद्धतीवर १९९९ आणि २००० साली पेटंटे मिळवली होती. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, विमाने जमिनीवर बसली आणि चेकांच्या थैल्या अडकून पडल्या. मग अमेरिकेने कायदा करून २००४ पासून चेकच्या चित्रावरून छापलेल्या प्रतीला चेकचाच मान दिला. सर्व बँकांना ती प्रत स्वीकारणे भाग, आणि पेटंट बॅलार्ड यांच्या डेटाट्रेझरीकडे! बँकांवर दावे झाले. २०१० मध्ये मार्शलच्या ज्यूरीने एका बँकेच्या दाव्यात सुमारे पावणेतीन कोटी डॉलर ठरवले. बँका गप्प बसणाऱ्या नव्हत्या. २०११ च्या नव्या पेटंट कायद्यात पैशाच्या व्यवहारांवरील पेटंटे पुन्हा तपासण्याची एक खास सोय आठ वर्षांपुरती आली, आणि तिच्याखाली हीच पेटंटे शेवटी बाद झाली. आता बॅलार्ड हे पत्रबाज म्हणायचे की बँकांनी ज्याचे ओरबाडले तो कल्पक माणूस? दोन्ही बाजू वाचल्या तरी माझे मत अजून पक्के होत नाही. माझ्यात एक जुना कारकून आहे, तो बॅलार्डच्या बाजूला झुकतो. आपल्याकडे २००८ मध्ये दिल्लीत आणि २०१३ मध्ये मुंबईत चेकच्या चित्रांवर व्यवहार सुरू झाला, तेव्हा बँकेच्या रांगेत उभा राहून मी मनाशी म्हटले होते, हे कोणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आले असेल.

२०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिसचा खटला ऐकायला घेतला. भाचीला हे ठाऊक होते. थांबावे की मिटवावे? त्या कंपनीने चाळीस हजारांची मुदत फेब्रुवारीअखेर दिली होती; त्यानंतर दर दुप्पट. तीन डॉक्टर सोडून गेले होते. अकरांपैकी दोघांचा पगार तिने स्वतःच्या ठेवी मोडून दिला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने सही केली. सुमारे पंचवीस लाख रुपये झाले. तिच्या आईचे, म्हणजे आमच्या ताईचे, दागिने त्यात गेले. करारात ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असे कलम असल्याने, मीही येथे कोणाचे नाव घेत नाही.

१९ जून २०१४ ला निकाल आला. नऊच्या नऊ न्यायाधीश एका मताचे. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की मध्यस्थाकरवी देणेघेणे मिटवणे ही जुनी अमूर्त कल्पना आहे, आणि ती साध्या संगणकावर चालवली म्हणून शोध ठरत नाही. म्हणजे माझे कपाट संगणकात घातले तर ते कपाटच! भाचीने फोन केला तेव्हा मी म्हटले, “आता पैसे परत मागता येतील का ग?” “नाही मामा,” ती म्हणाली, “पास झालेलं बिल आहे.” चार महिन्यांनी वटाव हुकला होता, नि तोही कोणाला!

त्या निकालानंतर अशी पेटंटे शेकड्यांनी कोसळली. पण सगळी नव्हेत. अ‍ॅमडॉक्स नावाच्या कंपनीची टेलिफोन कंपन्यांच्या बिलांच्या कामातली चार पेटंटे होती आणि तिने डब्लिनच्या ओपनेटवर २०१० मध्येच दावा केला होता. जाळ्यात ठिकठिकाणी उमटणाऱ्या वापराच्या नोंदी सगळ्या एका जागी ओढून आणायच्या नाहीत, तर त्या जिथे उगम पावतात तिथेच जवळपास त्यांना पूर्ण करून घ्यायचे, म्हणजे तारांवर गर्दी होत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात कोर्टाने दोनास एक मतांनी म्हटले की ही नुसती कल्पना नाही, यात करण्याची खास तऱ्हा आहे. तिसऱ्या न्यायाधीशांना ते पटले नाही. मला पटले. ‘वेळेवर बिल द्या’ हे कोणाचेही नाही; पण नोंदी कुठे थांबवून पुऱ्या करायच्या, हे कोणीतरी डोके खाजवून काढलेले असते. आणि या भांडणाचा शेवट काय झाला ठाऊक आहे? २०२० मध्ये अ‍ॅमडॉक्सने ओपनेट विकतच घेतली. कज्जा होता होता सोयरीक जुळावी तसे!

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने आधीच खुंटीला टांगला आहे. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम आले की धंद्याची पद्धत आणि नुसता संगणकाचा प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. २००४ च्या वटहुकुमाने ते सैल करू पाहिले, पण २००५ मध्ये संसदेने ती सैल गाठ काढून टाकली. २०२३ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की धंद्याच्या पद्धतीला असलेली ही बंदी सरसकट आहे. आज कोपऱ्यावरचा भाजीवाला चौकटीचौकटींचे चित्र टांगून पैसे घेतो. ते चित्र जपानच्या डेन्सो कंपनीने १९९४ मध्ये काढले. पेटंट घेतले, पण जगाला वापरू दिले. त्यामागचे यूपीआय २०१६ चे. २०२० च्या ऑक्टोबरपासून मोठ्या धंदेवाल्यांची बिले सरकारी यंत्रात नोंदली जाऊ लागली, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ते सक्तीचे झाले. भाचीचा धंदा आता याच बिलांवर चालतो. अमेरिका तिने सोडली.

आणि इथे गंमत आहे, किंवा गंमत नाही. याच भाचीने २०२२ मध्ये स्वतः पेटंटाचा अर्ज केला! एकच बिल क्रमांक किंचित बदलून दोनदा पाठवतात, ते पकडण्याची तिने एक युक्ती काढली आहे. मी हबकलो. “अग, तूसुद्धा?” ती म्हणाली, “मामा, कोणी तरी उद्या माझ्याच युक्तीचं पत्र मला पाठवू नये म्हणून.” पेटंट कार्यालयाची पहिली हरकत अपेक्षेप्रमाणे त्याच कलमाखाली आली आहे. तिचा वकील म्हणतो, ही धंद्याची पद्धत नसून यंत्राच्या कामातली सुधारणा आहे. सुनावणी व्हायची आहे. अर्ज फेटाळला जावा असे माझी बुद्धी म्हणते. मंजूर व्हावा असे सगळे बाकीचे म्हणते.

नियमाप्रमाणे अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तो झाल्यावर तिने मला एक प्रत आणून दिली. आधी काय होते हे अर्जात सांगावे लागते, तेथे एक परिच्छेद आहे. मुंबईतील एका कार्यालयात १९७२ पासून पास झालेली बिले देण्याच्या तारखेनुसार लाकडी कपाटातील खणांत ठेवण्याची पद्धत होती, असे त्यात लिहिले आहे. सौ.ने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, “यात तुमचं नाव कुठे आहे?”

नाव नाही. पण खण त्रेचाळीस आहेत.